पुरवणी
(द्वितीय वर्ष, कला)

बारावीच्या परीक्षेत शेवटचा अर्धा तास उरला, की वर्गात एकच पुकारा सुरू होतो. "सर, पुरवणी!" या बाकावरून, त्या बाकावरून हात वर होतात. पर्यवेक्षक पुरवणी आणि दोरा हाती देतात आणि आपण ती मूळ उत्तरपत्रिकेला मोठ्या अभिमानाने बांधतो. ज्याने पाच पुरवण्या घेतल्या तो बाहेर आल्यावर छाती काढून चालतो. ज्याने एकही घेतली नाही त्याची आई काळजीत पडते. निकाल लागतो तेव्हा मात्र पुष्कळदा उलटेच घडलेले दिसते. आमचे मराठीचे गुरुजी म्हणत, "बाळांनो, पुरवण्या मोजून कोणी गुण देत नाही. मूळ उत्तरात जे राहून गेले ते तीत आले, तरच तिला पुरवणी म्हणायचे. नाही तर तो नुसता कागद."

गुरुजींचे हे वाक्य मला यंदा एका भलत्याच ठिकाणी आठवले. ते ठिकाण म्हणजे संगणकावरचा एक खेळ आणि त्या खेळाला जोडून विकल्या जाणाऱ्या पुरवण्या. वाचकहो, भुवया उंचावू नका! आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. अशा मुलाने वार्षिकांकात लिहायचे तर शिक्षणाचे महत्त्व किंवा आईबापांचे कष्ट यांवर लिहावे अशी आपली अपेक्षा असणार. शेवटी मी तेथेच येणार आहे. वाट तेवढी जरा वेगळी आहे.

माझे मामा चंद्रपूरजवळ दुर्गापूरला कोळसा खाणीत कामाला. दरवर्षी दिवाळीनंतर आई मला त्यांच्याकडे सोडायची. मामांच्या घरी एक जुना संगणक होता. त्यावर मामीने शिवलेला कापडी बुरखा असे आणि तो काढला तरी कळफलकाच्या फटींत कोळशाची काळी धूळ दिसेच. माझा मामेभाऊ माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. त्याने मला त्या यंत्रावर 'एज ऑफ एम्पायर्स' या खेळाचा दुसरा भाग दाखवला. हा भाग 'द एज ऑफ किंग्ज' या नावाने १९९९ मध्ये निघाला, म्हणजे माझ्या जन्माच्याही आधी. मी चौथीत होतो. इंग्रजी येत नव्हते. पण त्या खेळातले मला पहिल्या दिवशीच समजले, कारण तो आमच्या गावासारखाच होता.

ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आरंभी आपल्याजवळ एक गावचावडी, तीन गावकरी आणि एक टेहळ्या घोडेस्वार असतो. चारी बाजूंना अंधार. गावकऱ्यांनी मेंढरे आणायची, बोरे वेचायची, लाकूड तोडायचे, शेत करायचे, सोने आणि दगड खणायचे. त्यातून घरे उभी करायची, माणसे वाढवायची आणि एका युगातून दुसऱ्या युगात जात अखेर साम्राज्याच्या युगापर्यंत पोचायचे. शेजारी दुसरा कोणी तेच करीत असतो आणि आज ना उद्या त्याच्याशी गाठ पडणारच. लढाई आहे, पण लढाईपेक्षा संसार जास्त आहे. ज्याचा संसार नीट त्याचीच फौज टिकते. धान कोठारात नसेल तर तलवारी काय कामाच्या, हे मी इतिहासाच्या पुस्तकात वाचण्यापूर्वी त्या खेळात शिकलो.

आता पुरवणीकडे येऊ. या खेळाची पहिली पुरवणी २००० साली निघाली. 'द काँकरर्स' तिचे नाव. त्या काळी ती तबकडीवर मिळे. तीत अझ्टेक, माया, स्पॅनिश, हूण आणि कोरियन असे पाच नवे समाज आले. पण मला त्यांच्यापेक्षा एका साध्या गोष्टीचे अप्रूप वाटले. मूळ खेळात शेताचे पीक संपले, की ते पडीक होई आणि प्रत्येक वेळी स्वतः जाऊन पुन्हा पेरावे लागे. ऐन लढाईत ध्यानात राहिले नाही, की माणसे हात बांधून उभी! या पुरवणीने गिरणीत पुढच्या पेरण्यांची आगाऊ नोंद करून ठेवण्याची सोय दिली. पैसे आधी भरा, शेत आपोआप पुन्हा पेरले जाईल. शेतकऱ्याच्या मुलाला ही सोय केवढी वाटली असेल, याची कल्पना करा. मूळ उत्तरात जे राहून गेले होते ते पुरवणीत आले, ते असे.

दुसरे उदाहरण अलीकडचे. २०१३ च्या पुरवणीत 'भारतीय' नावाचा एक समाज या खेळात आला. काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत सगळे एकाच पोत्यात! २०१६ मध्ये 'राइज ऑफ द राजाज' आली. नाव वाचून आम्ही हुरळलो, तर आत ब्रह्मी, ख्मेर, मलय आणि व्हिएतनामी. राजे होते, पण आपल्याकडचे नव्हते. शेवटी एप्रिल २०२२ मध्ये 'डायनॅस्टीज ऑफ इंडिया' आली. तिने ते पोते सोडून हिंदुस्थानी, बंगाली, द्रविड आणि गुर्जर असे चार समाज वेगळे केले. केवळ नावे वेगळी केली असे नाही, त्यांचे वागणे वेगळे केले. गुर्जर मेंढरे कापण्याऐवजी गिरणीत ठेवू शकतात आणि ती जिवंत राहून अन्न देत राहतात. चौघांच्याही फौजेत तट फोडायला लाकडी ओंडक्याच्या गाड्याऐवजी चिलखती हत्ती आला. राजेंद्र चोळ, देवपाल आणि बाबर यांच्या मोहिमा आल्या. देवगिरीच्या यादवांचा वेगळा समाज नाही, ही आमची तक्रार राहिलीच. तरी ही पुरवणी खेळल्यावर जुना खेळही नवा वाटू लागला, हे कबूल केले पाहिजे. चांगल्या पुरवणीची खूण हीच असावी.

येथवर सगळे गोड झाले. आता कडू.

आमच्या गावी, सिंदेवाही तालुक्यात, मे महिना म्हणजे तेंदूपत्त्याचा हंगाम. पहाटे अंधारातच बायामाणसे जंगलात शिरतात. वाघाची भीती असते, म्हणून घोळक्याने जातात आणि एकमेकांना हाका देत राहतात. दुपारी घरी येऊन पाने जुळवायची, सत्तर पानांचे एक पुडके सालीच्या दोरीने बांधायचे आणि संध्याकाळी फळीवर नेऊन मोजून द्यायचे. मीही सुट्टीत आईबरोबर जातो. गेल्या हंगामाचा हिशेब झाला तेव्हा आईने माझ्या हातावर काही पैसे ठेवले आणि म्हणाली, "तुज्या मेहनतीचे आहेत. तुले जे घ्याचं ते घे."

मी काय घेतले? त्या खेळाची एक पुरवणी. कोणती, ते सांगत नाही. नाव घेऊन माझे पैसे परत येणार नाहीत. मामेभावाने त्याचा जुना लॅपटॉप मला दिला होता आणि त्यावर खेळाची नवी आवृत्ती होती. पुरवणीची किंमत मेसच्या आठवडाभराच्या जेवणाइतकी. गावात नेटवर्क नाही, म्हणून रात्री शाळेच्या गच्चीवर जाऊन मोबाईलच्या जोरावर ती उतरवायची असे ठरवले. मी आणि माझा मित्र सतरंजी घेऊन गेलो. रात्रभर बसावे लागेल अशी तयारी होती. पण पैसे भरले आणि क्षणात पुरवणी 'तयार' झाली. उतरवण्यासारखे जवळजवळ काहीच नव्हते!

त्या वेळी आम्हांला नवल वाटले. नंतर उलगडा झाला. या खेळाच्या पुरवणीतले नवे समाज, त्यांचे सैनिक, त्यांची चित्रे, त्यांचे आवाज हे सगळे नेहमीच्या सुधारणांबरोबर प्रत्येकाच्या यंत्रावर आधीच येऊन पडते. कारण उघड आहे. समोरचा खेळाडू नवा समाज घेऊन आला तर तो तुम्हांला दिसायला नको का? म्हणजे माल आपल्या घरात आधीच आलेला असतो आणि कोठीला कुलूप असते. आपण पैसे भरतो ते किल्लीचे. यात लबाडी आहे असे मी म्हणत नाही, व्यवहार तसाच चालतो. पण इतकी वाट पाहून कुलूप उघडावे आणि आत दोन-चार नवी भांडी निघावीत, तीही जुनीच, कल्हई करून ठेवलेली, तेव्हा मन खट्टू होते. आम्ही दोन रात्री खेळलो. तिसऱ्या रात्री कोणी काही न बोलता जुनाच डाव लावला.

आईने विचारले, "कसा आहे रे नवा खेळ?" मी खरे सांगितले, की फसल्यासारखे वाटते. ती पुडकी बांधत होती. मान वर न करता म्हणाली, "आमच्या पुडक्यात फाटकी पानं निघाली त मुन्शी बाजूला टाकते. तुमच्या त्या खेळाची पानं कोन मोजते रे बाबू?"

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. हा लेख म्हणजे ते उत्तर शोधण्याची खटपट आहे.

पाने मोजायला बसलो तर गेल्या काही वर्षांतल्या पुरवण्यांत काय दिसते? २०२३ च्या मे महिन्यात 'रिटर्न ऑफ रोम' आली. १९९७ चा मूळ पहिला खेळ दुसऱ्या खेळाच्या आत आणून बसवायचा, अशी तिची कल्पना. कल्पना सुरेख. पण तो आला तो शेजारच्या खोलीत राहायला आलेल्या भाडेकरूसारखा. मधले दार बंद! दोन्ही खेळांतले समाज एकमेकांशी भिडत नाहीत. जुन्या खेळात ते एकटे 'रोमन' तेवढे आले. शिवाय पहिल्या खेळाच्या ज्या जुन्या मोहिमांसाठी लोक हळहळत होते, त्या आरंभी तीत नव्हत्याच. त्या खेळाची स्वतंत्र नवी आवृत्ती तर २०१८ मध्येच निघालेली होती. मग ही पुरवणी कोणती उणीव भरण्यासाठी होती?

मार्च २०२४ मध्ये 'व्हिक्टर्स अँड व्हँक्विश्ड' आली. तीत एकोणीस डाव होते. त्यांतले बहुतेक एका हौशी खेळाडूने पूर्वी रचून सर्वांना फुकट वाटलेले होते. तेच घासूनपुसून विकायला ठेवले. त्या हौशी माणसाच्या हाताला काम मिळाले याचा मला आनंदच आहे. पण गावजेवणात जे पंगतीला वाढले तेच दुसऱ्या दिवशी हॉटेलात पाटीवर भाव लिहून मांडले, तर जेवणारा भाव वाचून थबकणारच.

मे २०२५ मध्ये 'थ्री किंग्डम्स' आली. चीनमधील खितान आणि जुर्चेन हे दोन समाज तीत आले, हे उत्तम झाले. त्यांचा काळ, त्यांची घोडदळे या खेळाला शोभणारी. पण पुरवणीचे नाव, मोहिमा आणि थाट सगळा शू, वेई आणि वू या तीन राज्यांना. ही राज्ये इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातली. मूळ खेळ मुख्यत्वे रोमच्या पडझडीनंतरच्या हजारेक वर्षांचा. आणि ही तीन राज्ये म्हणजे तीन वेगळे समाज नव्हेत, एकाच साम्राज्याचे झालेले तीन तुकडे होते. खेळात चिनी समाज तर १९९९ पासून आहेच. त्यावर कडी म्हणजे प्रत्येकाला एक 'वीरपुरुष' दिला, जो सामान्य सामन्यातही गढीतून बाहेर पडून लढू शकतो. ज्या खेळात साधे भालेकरी आणि गावकरी यांच्या हिशेबावर जय-पराजय ठरत असे, तेथे हा एकटा नायक सिनेमातल्यासारखा वाटतो. त्या तीन राज्यांची कथा चीनमध्ये शतकानुशतके आवडीने सांगितली जाते. दोष कथेचा नाही. रामायणातला मारुती थोर आहे म्हणून त्याला शिवकालीन नाटकात आणून उभा केला तर कसे दिसेल? तसे झाले. आणि खितान व जुर्चेन यांना एकही मोहीम नाही. पाहुण्यांना पाटावर बसवले आणि घरच्यांना वाढायचे विसरले!

या रोगाचे मूळ पुष्कळ जुने आहे. २००६ मध्ये 'ऑब्लिव्हियन' नावाच्या दुसऱ्याच एका खेळाने घोड्याचे चिलखत वेगळे पैसे घेऊन विकायला काढले होते. जगभर त्याची थट्टा झाली. आमच्याकडे पोळ्याला बैलाला झूल घालतात, शिंगांना बेगड लावतात. बैल देखणा दिसतो, पण झुलीमुळे नांगर खोल जात नाही हे लहान पोरालाही कळते. घोड्याच्या त्या चिलखताला हसणारे आम्ही लोक आज तितक्याच सहजतेने पुरवण्यांची आगाऊ नोंदणी करतो. हसू कोणाला यावे?

येथे काही मित्र म्हणतील, "अरे, न आवडले तर घेऊ नको. कोणी गळा धरला आहे काय?" बरोबर आहे. दुसरे म्हणतील, "पंचवीस वर्षांचा खेळ आजही जिवंत आहे. त्याच्या दुरुस्त्या फुकट मिळतात. त्यासाठी माणसे राबतात. त्यांनी खायचे काय?" हेही बरोबर आहे. हा खेळ ज्यांनी मुळात घडवला ती 'एन्सेंबल स्टुडिओज' ही संस्था २००९ मध्ये बंद झाली. तरी खेळ राहिला, २०१९ मध्ये नव्या रूपात आला, तो अशा पुरवण्यांच्या विक्रीवरच तगला आहे. म्हणून पुरवण्या काढूच नका असे मी म्हणणार नाही. माझे म्हणणे एवढेच, की प्रेमावर कर बसवायचा असेल तर बदल्यात रस्ता तरी दुरुस्त करावा. आम्ही पुरवणी घेतो ती तिच्या गुणाकडे पाहून नव्हे, मूळ खेळावरच्या मायेने. माया आंधळी असते हे विकणाऱ्याला ठाऊक असते. ते आपल्यालाही ठाऊक असले पाहिजे.

आता मनातली गोष्ट सांगतो. पुष्कळ वर्षे माझी एकच इच्छा होती, की एखाद्या पुरवणीत आमचा गोंडवाना यावा. चांद्याचे गोंड राजे काही गोष्टीतले नव्हेत. बल्लारपूरचा किल्ला आहे, चंद्रपूरचा परकोट आहे, त्याचे जटपुरा, पठाणपुरा, बिनबा आणि अंचलेश्वर असे चार दरवाजे आहेत. दरवाजांवर हत्तीला नमवणारा सिंह कोरलेला आहे. त्याच्याखालून आम्ही रोज सायकलने जातो आणि वर पाहत नाही. अकबराच्या काळच्या 'ऐन-ए-अकबरी'त वैरागडच्या हिऱ्यांच्या खाणीचा उल्लेख आहे. ते वैरागड म्हणजे आपल्या गडचिरोली जिल्ह्यातले. हे राज्य १७५१ मध्ये नागपूरकर भोसल्यांकडे गेले, तोवर पिढ्यान्‌पिढ्या चालले. तिसऱ्या शतकातली राज्ये चालतात तर चांदा का नको?

माझा खोलीसोबती कुरखेड्याकडचा, गोंड समाजाचा. एका रात्री मी त्याला हे सगळे तावातावाने सांगितले. तो शांतपणे म्हणाला, "समज, आला गोंडवाना. काय येईल त्यात? एक राजा, एक सिंहाचा झेंडा, चार हत्ती. आणि झाडाचं काय?"

मला कळेना. त्याने लॅपटॉप ओढला आणि एका झाडावर बोट ठेवले. खेळात झाड म्हणजे शंभर लाकूड. त्याला दुसरे नाव नाही, दुसरा उपयोग नाही. तोडले की संपले, पुन्हा उगवत नाही. मोह नाही, तेंदू नाही, चारोळी नाही. जंगल म्हणजे वखार किंवा शत्रूला अडवणारी भिंत. ज्याचे जंगल आधी संपेल तो पुढे! हत्तीचे तेच. थोडे अन्न, थोडे सोने मोजले की काही क्षणांत हत्ती तयार. त्याला पुन्हा चारा नको, पाणी नको. माझ्या मित्राच्या भागात २०२१ पासून छत्तीसगडातून रानटी हत्तींचा कळप येऊ लागला. रात्री टेंभे घेऊन धानाच्या बांध्यांची राखण करणे काय असते, हे त्याच्या घरच्यांना विचारावे. १९९९ पासून इतक्या पुरवण्या आल्या, समाज तेराचे पन्नासाच्या घरात गेले, पण झाड ते शंभर लाकूडच राहिले.

तो म्हणाला, "आमच्या राजाचं नाव देऊन खेळायला लावतील आणि पहिलं काम काय, तर जंगल तोडा. त्यापेक्षा नको."

मी गप्प झालो. इतके दिवस मी दुसऱ्यांच्या पुरवण्यांना नावे ठेवत होतो आणि स्वतःसाठी तसलीच एक मागत होतो. नावे नवी आणि आत तेच! गोंडवाना खऱ्या अर्थाने यायचा असेल तर नियम बदलला पाहिजे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये त्या गावाच्या ग्रामसभेच्या हाती आपला बांबू आपण विकण्याचा परवाना आला. बांबू तोडला तरी कंदातून पुन्हा फुटतो. जंगल राखून श्रीमंत होता येते, हा त्या गावाचा धडा. असा एक जरी नियम एखाद्या पुरवणीत आला, तर मी पुन्हा तेंदूचे पैसे मोजायला तयार आहे.

तोवर हातावर हात ठेवून बसायचे काय? या खेळात स्वतःचा डाव रचण्याचे साधन पहिल्यापासून फुकट दिलेले आहे. परीक्षा संपल्यापासून आम्ही दोघे त्यावर बसलो आहोत. चंद्रपूरचा परकोट मांडला आहे. एका बाजूने इरई, दुसऱ्या बाजूने झरपट. आरंभी एक ससा कुत्र्याच्या मागे धावतो. खांडक्या बल्लाळशहाच्या कथेत असा पाठलाग दिसल्यावर राणीने तेथेच नगर वसवायला सांगितले, हे आपण सर्वांनी आजीकडून ऐकलेले आहे. बोरांच्या झुडपांचे नाव बदलून 'मोह' केले आहे. आणि एक नियम घातला आहे: कोठारात ठरलेल्या मापापेक्षा अधिक लाकूड जमा झाले, की तुम्ही हरलात. किल्ला पडलेला नसला तरी हरलात.

डाव अजून कच्चा आहे. झरपट जरा भलतीकडेच वळली आहे, आणि ससा कधी कधी नदीकाठी अडकून राहतो. वसतिगृहातल्या एका मित्राने खेळून पाहिला. सवयीप्रमाणे पहिल्या घटकेतच त्याने सगळे गावकरी झाडांवर लावले आणि दहाव्या मिनिटाला हरला. चिडून म्हणाला, "हा काय खेळ आहे?" मग पुन्हा बसला. दुसऱ्या खेपेला त्याने झाडे जपून डाव मांडला आणि रात्री दोनपर्यंत उठला नाही. फुकटातल्या या कच्च्या डावाने त्याला जे दिले, ते माझ्या विकतच्या पुरवणीने मला दिले नव्हते.

मित्रहो, पुरवणी कशालाही लागते. खेळाला, वर्तमानपत्राला, उत्तरपत्रिकेला आणि कदाचित आयुष्यालाही. आमचे शिक्षण हीसुद्धा आईबापांच्या आयुष्याला जोडलेली पुरवणीच आहे. त्यांच्या मूळ उत्तरात जे राहून गेले, ते आमच्यात यावे म्हणून त्यांनी दोरा बांधला आहे. ती कोरी निघू नये एवढे मला कळते.

पुढच्या मे महिन्यात मी पुन्हा आईबरोबर जंगलात जाईन. पुडकी बांधताना ती विचारील, "अवंदा का घेशील?" मी सांगणार आहे, की या खेपेला आधी पाने मोजून पाहीन, मग दोरी बांधीन.